भिक्षावळीचे तांदूळ

यंदाचा मुंजींचा हंगाम आता आवरत आला. मुहूर्त माघापासून निघतात, पण मुंज हवी परीक्षा संपल्यावर आणि शाळा उघडण्याआधी, म्हणून बहुतेक मुंजी एप्रिल-मेच्या उन्हात दाटीवाटीने उरकतात. कार्यालये वर्षभर आधी अडवलेली असतात, गुरुजी एका सकाळी दोन-दोन ठिकाणी धावतात, केळवणे खाऊन बटूचे पोट बिघडते. १५ जूनला शाळा उघडतील तेव्हा एखाद्या वर्गात एखादे डोके टोपीखाली असेल आणि मधल्या सुट्टीत ती टोपी उडवण्याचा परंपरागत कार्यक्रमही होईल. हा सोहळा नेमका कशाचा, असे विचारायला हीच वेळ बरी. ऐन हंगामात विचारले तर यजमान रागावतात.

गेल्या आठवड्यात अशाच एका मुंजीला जाणे झाले. सकाळी आठला मातृभोजनाची पंगत. तिला अष्टवर्ग लागतो, म्हणजे मुंज झालेले पण लग्न न झालेले आठ मुलगे. पूर्वी वाड्यात एक हाक मारली की आठाच्या जागी अठरा जमत. इथे यजमानांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा केली होती. सहा मिळाले, सातव्याला क्रिकेटच्या कोचिंगवरून उचलून आणले आणि आठवा म्हणून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला मावसभाऊ बसला, दाढीसकट. बटू आईच्या शेजारी, एकाच ताटात. आईच्या ताटातले हे शेवटचे जेवण, असे त्याला कोणीतरी सांगून ठेवले होते. आईने साखरभाताचा घास पुढे केला तेव्हा त्याने विचारले, "मग उद्यापासून डबा कोण देणार?" सगळे हसले. आईही हसली, आणि मग घास तसाच हातात ठेवून क्षणभर थांबली.

दहाच्या सुमारास अंतरपाट धरला, मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या. मग वडिलांनी आणि मुलाने एका शालीखाली डोकी घातली आणि कानात गायत्रीचा उपदेश झाला. पण व्हिडिओवाल्याने वडिलांच्या उपरण्याला माईक लावला होता आणि तो बंद करायचे कोणाच्या लक्षात आले नाही. कानात सांगायचा मंत्र साऱ्या सभागृहात दणाणला. स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यांनी ऐकला, वाढप्यांनी ऐकला, दारावरच्या वॉचमनने ऐकला. एक वृद्ध गृहस्थ कपाळाला आठ्या घालून पुटपुटले. आम्हाला मात्र गंमत वाटली. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख वितळवून ओतावी, असे गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलेले आहे. तेवढा पल्ला एका चिनी बनावटीच्या माईकने ओलांडला आणि आभाळ काही कोसळले नाही. त्यानंतर मठ्ठा वाढला गेला.

'मुंज' हा शब्दच मुळी एका गवताचा. बटूच्या कमरेला त्या गवताची मेखला बांधतात, म्हणून मौंजीबंधन, म्हणून मुंज. संस्काराला नाव पडले ते गवताचे, जानव्याचे नाही. ब्राह्मणाच्या मुलाला मुंज गवताची मेखला, क्षत्रियाच्या मुलाला धनुष्याच्या दोरीची, वैश्याच्या मुलाला लोकरीची. अंगावर अजिन म्हणजे कातडे, कमरेला लंगोटी, हातात पळसाचा दंड. हा सगळा पोशाख घर सोडून, गुरे राखत, लाकडे गोळा करत कुठेतरी राहायला निघालेल्या मुलाचा आहे. जानव्याची गोष्ट त्यामानाने मागाहूनची. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या संस्काराची बारीक छाननी केली आहे. ती वाचताना कळते की यज्ञोपवीत म्हणजे आधी अंगावर एका विशिष्ट रीतीने घ्यायचे वस्त्र. आपस्तंबाने गृहस्थाला नेहमी उत्तरीय सांगितले आणि पुढे सवलत दिली, की नुसते सूतही चालेल. सवलत होती ती खूण झाली, आणि खुणेची पुढे कुळी झाली.

आमच्या आजोबांच्या जानव्याला ट्रंकेची किल्ली असे. जानवे ते स्वतः करीत. टकळीवर काढलेले सूत चार बोटांवर शहाण्णव वेळा गुंडाळायचे, तिपदरी करून पीळ द्यायचा, पुन्हा तिपदरी करायचे आणि शेवटी ब्रह्मगाठ. ती गाठ शिकवण्यात त्यांनी आमच्या तीन उन्हाळी सुट्ट्या घालवल्या. आम्हाला ती आजही येत नाही. ते गेल्यावर किल्ली सोडवून ट्रंक उघडली. आत घरपट्टीच्या पावत्या आणि त्यांच्या चारही मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्या, वर्षवार दोऱ्यात ओवलेल्या.

मूळ शब्द उपनयन. जवळ नेणे. कोणाला आणि कोणाजवळ, तर मुलाला गुरूजवळ. अथर्ववेदात ब्रह्मचाऱ्यावर एक सूक्त आहे. त्यातली कल्पना अशी की आचार्य शिष्याला तीन रात्री आपल्या पोटात वागवतो आणि मग जन्म देतो. द्विज, म्हणजे दोनदा जन्मलेला, तो या अर्थाने. दुसऱ्या बाळंतपणात आई शिकवणारा आहे. सकाळी आईच्या ताटात जेवायचे आणि दुपारी दुसऱ्याच कोणाच्या पोटी जन्मायचे, असा हा दिवस. आजच्या मुंजीत हा दुसरा जन्म देणाराच हजर नसतो. त्याच्या पाटावर वडील बसतात. सकाळी दहाला वडील गुरू होतात, संध्याकाळी सहाला केटररचा हिशेब करू लागतात. बारा वर्षांचे गुरुगृह संपवून परतण्याचा विधी, म्हणजे सोडमुंज, काही घरांत त्याच दिवशी आटोपतो, एरवी लग्नाच्या गडबडीत. बटू काशीला निघतो, मामा त्याला अडवतो, मुलगी देतो म्हणतो, आणि बारा वर्षांचा अभ्यास जेवण आणि चहा यांच्यामध्ये पूर्ण होतो. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला पोरगा मुंज्या होऊन पिंपळावर बसतो, अशी कोकणात समजूत आहे. २०२४ मध्ये त्याच्यावर हिंदी चित्रपट येऊन त्याने गल्लाही जमवला. अभ्यास अर्धा राहिलेल्यांनी पिंपळावर बसायचे ठरवले तर पिंपळ पुरायचे नाहीत.

पण हे जवळ नेणे कोणाचे? छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम स्वतःच निघाला. गुरू गोत्र विचारतील म्हणून त्याने आईला विचारले. जबाला म्हणाली, तरुणपणी अनेकांकडे राबत होते, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तू सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल असे सांग. पोराने गुरू गौतमांपुढे उभे राहून हे जसेच्या तसे सांगितले. गौतमांनी त्याला समिधा आणायला सांगितले; तू सत्यापासून ढळला नाहीस, तुझे उपनयन मी करतो. आणि मग त्याच्यापुढे चारशे हडकुळ्या गाई घातल्या. हजार झाल्याशिवाय परतणार नाही असे म्हणून हे पोरगे त्या घेऊन गेले आणि खरोखर हजार झाल्यावर परतले. या गोष्टीत मुहूर्त नाही, अष्टवर्ग नाही, वडीलच नाहीत. दाखला म्हणून आहे ते एक खरे वाक्य. अर्थात, असे खरे बोलतो तो ब्राह्मणच असणार, असेही गौतम त्याच श्वासात म्हणतात. म्हणजे दार उघडता उघडता पाटीही लावली गेली. पुढच्या शास्त्रकारांनी पाटी जपली आणि दार विसरले.

आठवे, अकरावे, बारावे वर्ष कोणासाठी. सोळा, बावीस, चोवीस ही शेवटची मर्यादा कोणासाठी. ती उलटली की व्रात्य, म्हणजे संस्काराला मुकलेला. आणि चौथ्या वर्णाला काहीच नाही. बाईचे लग्न हेच तिचे उपनयन, असे मनुस्मृतीने सांगितले. हारीताच्या नावावर दुसरे मत सापडते, की बायका दोन प्रकारच्या आणि त्यांतल्या ब्रह्मवादिनींची मुंज होते. पण टिकले मनूचे. मुलाला पहिली भिक्षा आईने घालायची आणि आईला मात्र ती मागण्याचा अधिकार कधीच नव्हता, या विसंगतीवर कोणी फार अडले नाही. शेजारी पारशांच्या घरात डोकावले असते तरी पुरे होते. नवजोत मुलाची होते तशी मुलीचीही, आणि लोकरीच्या बहात्तर धाग्यांची कुस्ती दोघांच्याही कमरेला तीन वेढे घेते. इराणात आणि सप्तसिंधूत कधीकाळी एकाच चुलीवर शिजलेली ही चाल असावी, असे ती पाहून वाटतेच. आपल्याकडे पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने मुलींच्या मुंजी लावल्या आणि विद्यार्थ्यांसाठी सामुदायिक विद्याव्रत संस्कार सुरू केला. पुण्यातच १९७० च्या दशकापासून स्त्रिया पौरोहित्य शिकल्या. आता मुंज लावायला बाई आल्या म्हणून कोणी पंगतीतून उठत नाही. मुलीची मुंज असे पत्रिकेत आले की मात्र अजून दोनदा वाचले जाते.

महाराष्ट्राच्या इतिहासातले काही मोठे प्रसंग याच दारावर घडले आहेत. आळंदीच्या त्या चार भावंडांतल्या तिघा भावांची मुंज संन्याशाची पोरे म्हणून नाकारली गेली आणि आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकला, असे परंपरा सांगते. ज्याला मेखला बांधली गेली नाही त्याने शके १२१२ मध्ये नेवाशात बसून गीता मराठीत आणली. मंगळवेढ्यात राहिलेल्या बसवेश्वरांनी लहानपणी मुंजच नाकारली, असे सांगतात. लिंगायतांत मग जानव्याऐवजी इष्टलिंग आले, ते बायकांच्याही गळ्यात. रायगडावर मे १६७४ च्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराजांची मुंज लागली तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. क्षत्रियाची मर्यादा बावीस. तेव्हा आधी व्रात्यत्वाचे प्रायश्चित्त, मग मुंज, मग असलेल्याच राण्यांशी पुन्हा समंत्रक विवाह, आणि त्यानंतर ६ जूनचा राज्याभिषेक. किल्ले जिंकलेल्या माणसाला सिंहासनाच्या वाटेवर गवताच्या दोरीपाशी थांबावे लागले. हे विधी करायला गागाभट्ट काशीहून आले, पण घराणे मूळचे पैठणचे; म्हणजे वाट अडवणारे शास्त्र आणि वाट काढणारे शास्त्र एकाच मुलखातले. पुढे पेशवाईत प्रभू ज्ञातीच्या वेदोक्त अधिकारावरून ग्रामण्ये, म्हणजे जातींतले तंटे, माजली. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१९ मध्ये ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास लिहिला तो त्याच रागातून.

कोल्हापूरचे वेदोक्त प्रकरण सर्वांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांपुढे पुराणोक्त मंत्र म्हटले गेले, वेदोक्त नव्हे, आणि ठिणगी पडली. पुरोहिताचे वतन जप्त झाले, पुढे १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंचे पीठही निघाले. ही बाजू बऱ्याचदा सांगितली जाते. आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्याच काळातली दुसरी बाजू. मंत्र कोणते म्हणायचे यावर भांडण चालू असतानाच महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली. १९०१ मध्ये मराठ्यांचे निघाले; मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेले, अशी एकेका समाजाची. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. खेड्यातल्या मुलाला शिकवणाऱ्याजवळ आणून ठेवायचे, जेवू घालायचे आणि शिकू द्यायचे. उपनयन शब्दाचा अर्थ याहून वेगळा काय आहे?

त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. सगळ्या जातींची मुले एका छपराखाली, एका पंगतीला. गांधीजी १९२७ मध्ये तिथे आले आणि वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. पण नावाने चूल पेटत नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक करत अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी, मुलांना जेवायला काही उरले नाही तेव्हा, मंगळसूत्र. भाऊरावांनी गावोगाव मुष्टिफंड चालवला. जात्यावर बसलेल्या बाईने दळण घालताना एक मूठ बाजूला काढून ठेवायची, ती मूठ मुलांच्या वसतिगृहाची. कोणाच्या मुलांची, हे त्या बाईला ठाऊक नसे. मूठ कोणाच्या घरची, हे मुलांना ठाऊक नसे.

मुंजीतला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच, म्हणजे भिक्षेचा, आहे आणि आज तोच सर्वांत पोकळ झाला आहे. भिक्षा मागताना हाकेतला 'भवति' हा शब्द ब्राह्मणाच्या मुलाने आधी म्हणायचा, क्षत्रियाच्या मुलाने मध्ये आणि वैश्याच्या मुलाने शेवटी, एवढा भेद शास्त्राने ठेवला. मागणे मात्र सगळ्यांना सारखे. बाप सावकार असो, राजा असो, पोराने झोळी घेऊन निघायचे, मिळेल ते गुरूपुढे ठेवायचे आणि त्याने सांगितल्यावर खायचे. ज्याचे अन्न खाऊन शिकलो तो गाव आपला धनको, हे आठव्या वर्षी अंगात मुरावे म्हणून ही तजवीज. पुण्या-मुंबईत गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत माधुकरी मागून, वार लावून शिकलेल्या पिढ्या होत्या. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यांतले कित्येक पुढे वकील-प्राध्यापक झाले आणि वारांची घरे मरेपर्यंत विसरले नाहीत. काहींनी मात्र लाज वाटून ती कधी कोणाला सांगितली नाहीत.

म्हणून मुंज करू नका, असे आम्ही म्हणणार नाही. गांधीजींनी १९१५ च्या सुमारास हृषीकेशला एका स्वामींना सांगितले, की असंख्य हिंदू ज्यावाचून हिंदू राहतात ते जानवे मी का घालावे. तो ज्याचा त्याचा निर्णय. पण मुंज करायची तर ती घरातल्या मुलाला घराबाहेर नेण्यासाठी केली पाहिजे. आज ती त्याला घराच्या, नात्याच्या, जातीच्या आणखी आत ओढून घेण्यासाठी होते. तीनशे पानांत एक पान परक्याचे नसते. जातवार सामुदायिक मुंजींच्या मांडवात मंत्र्यांचे भाषण होते आणि त्यात 'आपले संस्कार' या शब्दातल्या 'आपले'वर जोर असतो.

आणि दाराचा प्रश्न संपलेला नाही, त्याचे फक्त खाते बदलले. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घरांतल्या मुलांना द्यायच्या, असे त्यात आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने अधिसूचना काढली, की किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर हे बंधन नाही. शहरांत अशी शाळा किलोमीटरभरात नसते कुठे? जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. किलोमीटर मोजून मुलाला दारापासून परत पाठवण्याची ही युक्ती गौतम धर्मसूत्राइतकी क्रूर नाही, हे मान्य. शिशाऐवजी शासन निर्णय एवढी प्रगती झाली. सोडत लागलेल्या मुलाचा हात धरून बाप शाळेच्या फाटकाशी उभा राहतो, तेव्हा तेही उपनयनच असते. तिथे मंगलाष्टके नसतात. कागदपत्रांची पडताळणी असते.

त्या मुंजीत संध्याकाळी भिक्षावळ निघाली. कार्यालयाच्या दारातून निघून पार्किंगला वळसा घालून पुन्हा कार्यालयातच. बँड होता. बटूला आता सोवळ्याऐवजी शेरवानी होती, मनगटावर मामाने दिलेले स्मार्टवॉच. पहिली भिक्षा आईने घातली, मूठभर तांदूळ आणि वर चांदीचे नाणे. मग लाडवांच्या पुड्या, चॉकलेटचे डबे, पाकिटे. पाकिटे आत्याने पर्समध्ये घेतली आणि वहीत नावे लिहिली. लाडू मुलांनी तिथेच संपवले. चॉकलेटे दोन गटांत वाटून झाली. गुरुजी त्याआधीच दुसऱ्या कार्यालयाकडे स्कूटरवरून गेले होते, तेव्हा भिक्षा कोणापुढे ठेवायची हा प्रश्न आला नाही.

तांदूळ उपरण्याच्या गाठीत राहून गेले. यजमानीणबाई परवा फोनवर सांगत होत्या, वॉशिंग मशीन अडकले म्हणून माणूस बोलावला, तर फिल्टरमध्ये फुगलेल्या तांदळाचा गोळा.